घड्याळाचं बारदान

आमचे जावई इंद्रजीत माणूस म्हणून वाईट नाहीत, पण बोलतात फार. हे मी लग्नाच्या बैठकीतच ताडलं होतं. एकतीस वर्षं वैजापूरच्या मार्केट यार्डात मी मापाडी होतो. पोतं काट्यावर चढायच्या आधीच ते किती भरणार ते मला नजरेनंच कळायचं, आणि माणसाचंही साधारण तसंच. बैठक उठल्यावर मी बायकोला, गोजरबाईला, म्हणालो होतो, "पोरगा बराय. पण बोलण्यातनं निम्मा कडता कापून घेत जा." कडता म्हणजे मालातल्या माती-ओलाव्यापोटी वजनातनं कापायचा हिस्सा. पंधरा वर्षं मी तो न चुकता कापत आलो.

म्हणून गेल्या दिवाळीनंतर माझ्या लेकीच्या, संध्याच्या, दोन्ही किडन्या निकामी झाल्याचं कळलं आणि डॉक्टरांच्या खोलीत जावई पटकन म्हणाले, "माझी घ्या की," तेव्हाही मी सवयीनं निम्मं वजा केलं. मी आणि गोजरबाई दोघंही साखरेचे, त्यामुळं आम्ही पहिल्याच फेरीत बाद. जावयांचा रक्तगट जुळला. पुढचंही एकेक जुळत गेलं. अडलं ते वजनावर. चौऱ्याण्णव किलो.

डॉ. तनुजा म्हणाल्या, "पंच्याऐंशीच्या आत या. चार महिने देते. त्याशिवाय मी तुम्हाला टेबलावर घेणार नाही. मला तुमचाही जीव बघायचाय."

तोवर संध्याला आठवड्यातनं दोनदा डायलिसिस. पाणी दिवसाला एक लिटर, तेही मोजून. आम्ही दोघं वैजापूरहून हर्सूलला त्यांच्या घरी येऊन राहिलो. गोजरबाई सकाळी स्टीलची बाटली भरून ठेवायची. दुपार झाली की संध्या ती बाटली कानाशी नेऊन हलवायची, किती उरलंय ते ऐकायला. मी आयुष्यभर मोजणारा माणूस, पण ते मोजणं माझ्यानं बघवायचं नाही.

जावई वाळूजच्या एका कारखान्यात सुपरवायझर. कंपनीनं तब्येतीची कसलीशी स्पर्धा लावून सगळ्यांना मनगटावरची घड्याळं वाटली होती. ते घड्याळ पावलं मोजतं, नाडी मोजतं आणि किती कॅलरी जळल्या तेही सांगतं. जावयांनी दुसरी शिफ्ट मागून घेतली आणि रोज सकाळी हर्सूल तलावाकडं सव्वा तास चालायला जाऊ लागले. घामानं निथळत यायचे आणि दारातनंच मनगट पुढं करायचे.

"मामी, सहाशे चाळीस."

गोजरबाई चौथी शिकलेली, पण आकड्याला पक्की. दूधवाल्याच्या कॅलेंडरवर ती तो आकडा लिहायची. नातीनं, सायलीनं, तिला फोनमधनं बघून सांगून ठेवलं होतं की एका भाकरीच्या इतक्या, शेंगदाण्याच्या लाडवाच्या तितक्या, वाटीभर पिठल्याच्या अमुक. मग ती हिशेबानं वाढायची. सहाशे चाळीस जळल्या तर बेताच्या जेवणावर आणखी सहाशे चाळीस परत ताटात.

"अगं, त्यांचं वजन उतरवायचंय," मी म्हणालो.

"उतरवायचंय, पन माणूस उतरवायचा नाय. उद्या त्यांच्या पोटातली किडनी काढून घ्यायची, अन् आज उपाशी ठेवायचं व्हय? जळल्या म्हंजे अंगातनं गेल्या. गेल्या तेवढ्या भरून देते, वर एक घास देत नाय."

त्यात ते जावई. आमच्यात जावयाच्या ताटात मोकळी जागा दिसली की सासूला घास गिळत नाही. आणि आमचे जावई असे गुणी की आग्रह मोडायचे नाहीत. जेवता जेवता सांगायचे, "मामा, सहाशे चाळीस जळल्या, मी सहाशेच खाल्ल्या. चाळीस खाली आलो." रोज चाळीस खाली. बोलण्यातच.

पाच आठवड्यांनी दवाखान्यात वजन केलं. त्र्याण्णव पॉइंट चार.

डॉक्टरांनी नुसतं कागदाकडं बघितलं. परतीच्या रिक्षात संध्या हळूच म्हणाली, "राहू द्या. नसल होत तर नसल होत." जावई बाहेर बघत बसले. दवाखान्यापासून हर्सूलपर्यंत एक शब्द नाही. पंधरा वर्षांत मी हे पहिल्यांदा बघितलं. घरापाशी उतरल्यावर संध्या पुढं गेली, तेव्हा ते मला म्हणाले, "मामा, खरं सांगा. तुम्हाला वाटतंय ना, मी टाळतोय?"

नेमकं तेच वाटत होतं, म्हणून मी वाकून चपलेचा पट्टा नीट केला. पट्ट्याला काही झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी अंतर ठेवून त्यांच्या मागं निघालो. मनात होतं की हे गृहस्थ कोपऱ्यावरच्या टपरीत बसत असणार आणि हात हलवून पावलं वाढवत असणार. तसं काही निघालं नाही. माणूस खाली मान घालून, फासफूस करत, शर्टाचं भिजून पार पोतेरं होईस्तोवर चालत होता. एका ठिकाणी थांबले, गुडघ्यावर हात ठेवून दम घेतला आणि पुन्हा निघाले. मला पुढं होऊन त्यांना भेटायची लाज वाटली, म्हणून मी आडवाटेनं घरी आलो.

यार्डात आमचा एक साधा नियम होता. शेतकरी खरं बोलतोय, माल डोळ्यासमोर आहे, आणि तरी वजन जुळत नाही, तर भांडत बसू नका. काटा रिकामा करा आणि बघा तो काय दाखवतो.

जावई आंघोळीला गेले तसं मी ते घड्याळ मनगटावर बांधलं. सायलीकडनं चालण्याचं बटण सुरू करून घेतलं आणि ओट्यावर बसून शेंगा फोडायला घेतल्या. तासभर उठलो नाही. चहासुद्धा जागेवर मागवला. तासानं बघितलं तर नऊशे पावलं आणि एकशे तीस कॅलरी.

गोजरबाईनं वाकून आकडा बघितला. "आवं, तुमी तर लई चाललात."

"बसल्या बसल्या," मी म्हणालो. "आता वाढ मला एक लाडू, भरून काढायला."

ती हसली नाही. तिच्या डोक्यात कॅलेंडरची सगळी पानं फिरली असावीत.

शुक्रवारी डायलिसिसला गेलो तेव्हा मी डॉ. तनुजांना गाठलं. त्यांना कसं विचारावं ते मला कळेना, म्हणून आपल्या धंद्याच्या भाषेत विचारलं. "मॅडम, पोतं तोलतो तेव्हा आम्ही रिकाम्या गोणीचं वजन, बारदान, वजा करतो. या घड्याळात बारदान वजा करतात का?"

त्या आधी हसल्या, मग खुर्ची ओढून बसल्या. "अप्पाराव, नेमकं विचारलंत. माणूस नुसता पडून राहिला तरी शरीर काही ना काही जाळतच असतं. श्वास, हृदय, सगळं चालू असतं. तुमचे जावई जो आकडा बघतात त्यात तेही धरलेलं आहे. चालण्यामुळं जादा जळलं ते त्याहून बरंच कमी."

"म्हणजे बारदानासकट."

"बारदानासकट. आणि उरलेला आकडाही अंदाजाचाच. घड्याळाला काय कळतं? नाडी आणि हाताची हालचाल. त्यावरनं ते ताडतं. एखाद्याचं जवळपास येतं, एखाद्याचं पाव चुकतं, कधी निम्मंही चुकतं."

"मग मी सरसकट निम्मा कडता कापू का?"

"कापू नका. चूक रोज सारखी नसते, मग कडता कुठनं सारखा लावणार? घड्याळ चालायला उठवण्यापुरतं ठेवा. ताट त्याच्यावर भरू नका. मी आहार लिहून देते, तेवढाच. आणि आठवड्यातनं एकदा वजन. एकच काटा, एकच वेळ."

एकच काटा, एकच वेळ. एकतीस वर्षं मी नव्या मापाड्यांना दुसरं काय शिकवत होतो?

खरी अडचण गोजरबाईची झाली. कागदावर लिहिलेलं ताटात वाढलं तर मोठ्या ताटात ते असं दिसायचं, जसा रिकाम्या यार्डात एकच ढीग. दोन दिवस तिनं ते सोसलं, तिसऱ्या दिवशी मोठं ताट फळीवर चढवलं आणि सायलीची छोटी ताटली काढली.

"जावयाला ताटली," ती स्वतःशीच म्हणाली. "कुणी बघितलं तर काय म्हनंल."

"मामी," जावई म्हणाले, "तुमच्या हाताची अर्धी भाकरी बाहेरच्या चार भाकरींएवढी भरते."

या वाक्यातनं मी काही वजा केलं नाही. भूक लागलेल्या माणसानं असं बोलायला वजन लागतं.

दर रविवारी सकाळी सातला मी त्यांना गल्लीतल्या कचरूच्या पिठाच्या गिरणीत न्यायचो. उपाशीपोटी, दर वेळी त्याच बनियन-पायजम्यात. धान्याच्या मोठ्या काट्यावर उभं करायचो आणि वहीत आकडा लिहायचो. दळण घेऊन आलेल्या बाया तोंडाला पदर लावायच्या. कचरू म्हणायचा, "मामा, काय भाव लावला जावयाला?"

"विकायचे नाहीत," मी सांगायचो. "नुसतं तोलून ठेवतोय."

ब्याण्णव सहाशे. एक्क्याण्णव नऊशे. एका रविवारी काहीच उतरलं नाही, तर जावयांचा चेहरा बघून कचरूनं काटा दोनदा पुसला. मग पुन्हा उतरत गेलं. सेकंड शिफ्टच्या बसमध्ये कुणाचा वाढदिवस असला की जावई आपल्या वाट्याचा केक खिशातल्या रुमालात बांधून आणायचे आणि सायलीला द्यायचे. हे मला सायलीनं सांगितलं, त्यांनी नाही. एवढ्या बोलक्या माणसानं एवढी गोष्ट सांगितली नव्हती.

चार महिने भरले त्या दिवशी दवाखान्यातल्या काट्यानं दाखवलं पंच्याऐंशी पॉइंट तीन.

संध्यानं डोळे मिटले. मी म्हणालो, "थांबा. बारदान काढा."

जावयांनी मुकाट्यानं मोबाइल माझ्या हातात दिला. मग किल्ल्या, पाकीट, पितळी बक्कलचा पट्टा. आणि शेवटी ते घड्याळ. चौऱ्याऐंशी पॉइंट सहा.

"अहो," डॉ. तनुजा म्हणाल्या, "तीनशे ग्रॅमसाठी मी नाही म्हटलं नसतं."

"तुम्ही म्हटलं नसतं मॅडम. पण मी मापाडी आहे."

ऑपरेशन होऊन आता दीड महिना झाला. चौथ्या दिवशी मला आणि गोजरबाईला एकदमच आत सोडलं होतं. जावई पोटाला हात लावून हळूहळू चालत संध्याच्या खोलीपर्यंत आले होते आणि खुर्चीत बसताच तोंड सुरू.

"मामा, मी डॉक्टरांना विचारलं. किडनी भरते फक्त दीडशे ग्रॅम. तेवढ्यासाठी तुम्ही माझं नऊ-साडेनऊ किलो उतरवलंत."

दीडशे ग्रॅम म्हणजे एक मध्यम कांदा. यार्डात एवढ्याकडं कुणी बघतही नाही, ट्रॉलीतनं घरंगळून पायाखाली जातो. मी पुन्हा चपलेच्या पट्ट्याला हात घातला.

"मामा, पट्टा नीट आहे," जावई म्हणाले.

तेवढ्यात नर्स पाण्याचा तांब्या ठेवून गेली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता भरपूर प्या. संध्यानं फुलपात्र भरलं, सवयीनं कानाशी नेलं, मग स्वतःच हसली आणि एका दमात रिकामं केलं. दुसरं भरलं. तेही प्याली.

गोजरबाईनं माझ्याकडं बघितलं. "किती झालं वो?"

"मोजलं नाही," मी म्हणालो.