ढब्बूच्या पोटातली मिठी

"ताई, हा साधा लोहचुंबक नाही. ढब्बूच्या हाती लागू देऊ नकोस हं."

असे चुंबक असलेले इअरफोन दुरुस्त करणाऱ्या धाकट्या भावाचं हे बोलणं छोट्या ढब्बूच्या आईने हसण्यावारी नेलं. "अरे, मागे त्याने नाणं गिळलं, ते निघालंच ना बाहेर? मामा झालास तरी भित्राच राहिलास!"

मित्रांनो, तो साधा नसलेला मीच. मी एक जुना, शर्टाच्या बटणाएवढा लोहचुंबक आहे. माझ्या अंगात निओडिमियम नावाचा धातू आहे. त्याच्या कुळाला दुर्मिळ म्हणतात, पण तो तितका दुर्मिळ नाही. खडकात तो भावंडांच्या गळ्यात गळा घालून बसतो, आणि ती भावंडं इतकी सारखी की त्यांना वेगळं करताना भल्याभल्यांना घाम फुटतो. नुकता कापला की तो चांदीसारखा चमकतो, पण हवा लागली की लगेच काळवंडतो. लोखंड आणि बोरॉन यांच्या संगतीत त्याची भुकटी दाबून, भट्टीत भाजून मला घडवलं. मग निकेलचा चकचकीत अंगरखा चढवला.

आई घरी पिशव्या शिवायची. पिशवीच्या झाकणात आमच्यातला एक लोहचुंबक, समोर त्याचा जोडीदार. मधे जाड कापड असलं तरी आम्ही एकमेकांना सोडत नसू. "कडी नाही, बटण नाही, तरी घट्ट बंद!" असं गिऱ्हाईक म्हणालं की मला कोण आनंद व्हायचा.

एकदा पिशवीत शिवायच्या आधीच मी आणि माझा जोडीदार नाहीसे झालो.

"मशीनला चिकटले असतील गं," आई मोठ्या लेकीला म्हणाली. तिचंही खरंच होतं. आमच्यातलं कुणी हरवलं की शिलाई मशीनच्या पोटाशीच सापडायचं. पण मोठीने आडवं होऊन मशीनखाली पाहिलं, तर तिथे काहीच नव्हतं. तिने ढब्बूकडे पाहिलं. तो लाळ गाळत होता, आवडती बिस्किटंही ढकलत होता.

"आई, याच्या पोटात तर नसतील ना?"

आईचा हात मशीनच्या चाकावरच थांबला.

होय, आम्ही तिथेच होतो. आधी मी, मग थोड्या वेळाने जोडीदार. नाणं एकटं असतं, बहुतेकदा वाट काढत निघून जातं. आम्ही दोघे. पुढे सरकताना आतड्याच्या वळ्या आमच्या मधे आल्या असत्या, तर त्यांनाही कापडासारखं आवळून धरलं असतं आणि तिथे भोक पडलं असतं. आमची माया त्या लेकराच्या जिवावर उठली असती.

आईने त्याला कडेवर घेतलं आणि तडक दवाखाना गाठला.

"अजून जठरातच आहेत," एक्स-रे पाहून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उद्या बघू म्हणत थांबला नाहीत, फार बरं केलंत."

त्यांनी त्याला गुंगी देऊन तोंडावाटे नळी घातली आणि आम्हाला अलगद बाहेर काढलं. जाग आल्यावर ढब्बूने आधी त्यांचा चष्माच ओढला. आई रडता रडता हसली.

मित्रांनो, एकमेकांना ओढणं हा आमचा स्वभाव, तो बदलणार नाही. म्हणून आम्हाला उंचावर, झाकणाच्या डब्यात ठेवा. एखादा सापडला नाही, तर मोठ्यांना लगेच सांगा. आणि हो, तुमचं धाकटं भावंड मघापासून फार गप्प आहे का? मग पुस्तक ठेवा, उठा, आणि त्याच्या तोंडात काय आहे ते आधी बघून या.