सोनबाच्या होडीचं इंजिन

अनंत गद्र्यांना आयुष्यात कुणी फारसे हात जोडले नव्हते. शनिवार पेठेतल्या त्यांच्या गॅरेजात येणारं गिऱ्हाईक वाद घालायचं, आणि वादात गद्रे कुणाला हार जात नसत. चाळीस वर्षं त्यांनी टू-स्ट्रोक स्कूटरी दुरुस्त केल्या. आता त्या स्कूटरीच रस्त्यावरून उठल्या होत्या, आणि गद्रे दिवसभर स्टुलावर बसून नव्या गाड्यांना नावं ठेवत असत. अशातच दोन हजार नऊच्या श्रावणात सोनबा टेम्पोतून एक इंजिन घेऊन आला आणि दारातच हात जोडून उभा राहिला.

इंजिन होडीचं होतं. होडीच्या मागच्या फळीला अडकवायचं. वर डोकं, खाली लांब पाय आणि पायाला पंखा. सोनबानं ते जुन्या बाजारात लष्कराच्या भंगारातून उचललं होतं. तिथल्याच कुणीतरी सांगितलं होतं की हे चालू केलं तर गद्रेच करतील, फक्त त्यांचं बोलणं मनावर घेऊ नका.

"हे शेवटचं चालू कधी होतं? पानिपताच्या आधी की नंतर?" गद्र्यांनी विचारलं.

सोनबा हसला नाही. त्यानं सगळं सांगितलं. सोनबाची वस्ती खडकवासल्याच्या पाण्यापलीकडे. बायको तुळजाबाई, हिच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. मंगळवार, गुरुवार, शनिवार असं तीन वेळा तिला पेठेतल्या एका इस्पितळात मशीनवर घालायचं, तेव्हा कुठे ती पुढचे दोन दिवस श्वास घ्यायची. आषाढात वस्तीच्या वाटेवरचा पूल खचला. वळसा घालून जीपनं यायचं तर चार तास, आणि सहा माणसं भरल्याशिवाय जीप हलत नसे. राहिली होडी. वल्ही मारत दोन तास लागायचे, आणि सोनबाचा उजवा खांदा झाडावरून पडल्यापासून निकामी झाला होता. पुतणी मैना विश्रांतवाडीला एका खोलीत सासू-सासऱ्यांसह राहत होती. तिच्याकडे आठ दिवस काढले, मग आपण जड झालो हे दोघांनाही कळलं. गेला गुरुवार वाऱ्यामुळे चुकला होता. शनिवारी तुळजाबाईला आणलं तेव्हा तिचा चेहरा सुजून ओळखू येत नव्हता.

"इंजिन लागलं तर वीस मिन्टांचं काम हाय, काका," सोनबा म्हणाला. "न्हाई लागलं तर ती जाती."

गद्र्यांनी त्याच दुपारी इंजिनाचं डोकं उघडलं.

पुढचे पंधरा दिवस त्यांना दुसरं काही सुचलं नाही. कार्बोरेटरात पेट्रोलचा डिंक झाला होता, तो त्यांनी तीनदा उकळून काढला. ठिणगी पाडणारे पॉइंट झिजलेले होते, ते एका जुन्या स्कूटरीचे घासून बसवले. कॉइल मेली होती. तिच्यासाठी तर त्यांनी घरच्या माळ्यावर जपून ठेवलेली स्वतःची पहिली स्कूटर फोडली. पायाच्या खालच्या अंगाला बारीक फटी होत्या, त्यांत चिखल दगडासारखा बसला होता. आत शिरलेलं पाणी निथळायला त्या असणार असं म्हणून त्यांनी त्याही टाचणीनं साफ केल्या. इतकं मन लावून त्यांनी स्वतःच्या मुलाचा अभ्यासही कधी घेतला नव्हता.

बायको सरोजिनीबाई सुरुवातीला कौतुकानं बघत होत्या, मग एके दिवशी जेवताना त्यांनी स्पष्टच विचारलं. वरच्या दोन्ही खोल्या रिकाम्या आहेत, इस्पितळ चालत दहा मिनिटांवर आहे, मग पूल दुरुस्त होईपर्यंत त्या बाईंना इथेच का ठेवून घेत नाही?

"इंजिन होतंय आता. कशाला उगाच," गद्रे म्हणाले.

"काखेत कळसा नि गावाला वळसा," सरोजिनीबाई म्हणाल्या आणि ताटं उचलून आत गेल्या.

गद्रे दुष्ट नव्हते, हे मी त्यांच्या वतीनं सांगतो, कारण पुढे ते स्वतः ते सांगू शकले नाहीत. त्यांना तुळजाबाईची काळजी मनापासून वाटत होती. पण परकं माणूस घरात यायचं म्हणजे चहाच्या वेळा बदलतात, न्हाणीघर अडतं, नातेवाईक येऊन बसतात. हे सगळं त्यांच्या डोळ्यांपुढे आधी आलं. आणि खरं सांगायचं तर त्यांना आपल्या हातानं ते इंजिन चालू झालेलं पाहायचं होतं. खोली दिली की इंजिनाची गरज संपली. सोनबानं एकदा भीत भीत सुचवलं होतं की अलीकडच्या काठाला सर्जेराव नावाचे एक निवृत्त हवालदार चहाची टपरी चालवतात, त्यांनी लष्करात अशी इंजिनं हाकली आहेत, त्यांना घेऊन येऊ का? गद्र्यांनी सांगितलं की त्यांना चहा उत्तम करू द्या, टू-स्ट्रोक म्हणजे काय ते मला शिकवायची गरज नाही. सोनबानं पुन्हा विषय काढला नाही. अडला हरी, तो काय बोलणार?

तिसऱ्या शनिवारी, दुपारी दीडच्या सुमाराला, ते लागलं. सकाळपासून दोघं आळीपाळीनं दोरी ओढत होते. सोनबा डाव्या हातानं ओढत होता. एकदा ते खोकलं, पांढरा धूर ओकलं, आणि मग लाकडी घोडीवर थडथडत सुरूच राहिलं. गल्लीतली माणसं गॅलऱ्यांत आली. गद्र्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते धुरामुळे, असं त्यांनी सरोजिनीबाईंना सांगितलं.

तुळजाबाई मशीनवरून नुकतीच सुटली होती आणि रिक्षानं गॅरेजवर येत होती. गद्रे इंजिन बंद करायला पुढे झाले, तर सोनबानं त्यांचा हात धरला.

"नका, काका. परत लागलं न्हाई तर?"

गद्र्यांच्या मनात हीच भीती होती, म्हणून त्यांनी ऐकलं. तुळजाबाई आली. हाताला पट्टी, पावलं कशीबशी टाकत, पण तिनं पदराच्या गाठीला हळद-कुंकू बांधून आणलं होतं. या इंजिनासाठी तिनं पंधरा दिवस देव पाण्यात घातले होते. थांबलेल्या इंजिनाला काय ओवाळायचं, चालतंय तोवर ओवाळते, असं म्हणून तिनं त्याला कुंकू लावलं. सरोजिनीबाईंनी निरांजन आणलं. सोनबानं नारळ फोडला आणि सगळ्यांना खोबरं वाटलं. दहा-बारा मिनिटं गेली असतील. रबर जळल्यासारखा थोडा वास येत होता, तेव्हा गद्रे म्हणाले की जुना रंग तापतोय.

सोनबा निघताना गद्र्यांनी त्याला बजावून सांगितलं, की उगाच चालवून बघत बसू नका. आज होडी वल्ह्यांनीच न्या, मग इंजिन फळीला अडकवा आणि मंगळवारी सकाळी थेट निघा. शनिवार ते मंगळवार हाच आठवड्यातला सगळ्यात लांब पल्ला, तोपर्यंत तुळजाबाईच्या अंगात पाणी भरलेलं असायचं.

मंगळवारी गद्रे इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या बसनं खडकवासल्याला गेले. सर्जेरावांच्या टपरीवर त्यांनी चहा घेतला आणि पलीकडच्या काठाकडे बघत उभे राहिले. धरणाचे दरवाजे उघडलेले होते, पाण्याला ओढ होती, वारा आडवा होता. आठ वाजता आवाज आला. आधी होडी दिसलीच नाही, नुसता आवाज, आणि तो त्यांनी चाळीस वर्षांच्या कानानं ओळखला. एकसारखा, भरलेला, आपला. त्यांनी सर्जेरावांना मुद्दाम सांगितलं की हे मी केलं.

सर्जेराव डोळ्यांवर हात धरून बघत होते. होडी मध्याला आली तसा आवाज बदलला. तो चढला, बारीक झाला, किरकिरला. मग एक कर्कश घासल्याचा आवाज झाला आणि काहीच ऐकू येईना.

"जाम झालं," सर्जेराव म्हणाले. मग त्यांनी साधंच विचारलं, "पिंपात सोडून चालवलं व्हतं न्हवं?"

गद्र्यांना कळलं नाही. सर्जेरावांनी सांगितलं. ह्या इंजिनाला स्कूटरीसारखा वारा नाही पुरत. ते पायाच्या फटीतून पाणी ओढतं आणि त्यावर थंड राहतं. पाणी ओढायला आत एक रबरी चक्र असतं, ते कोरडं फिरलं की मिनिटभरात वितळतं. म्हणून काठावर चालवायचं तर पाय पाण्यानं भरलेल्या पिंपात सोडायचा, हे पहिल्या दिवशी शिकवतात.

गद्रे काठावरच्या दगडावर बसले. दहा-बारा मिनिटं. तेवढ्या वेळात खोबरं वाटून झालं होतं. देव पाण्यात होते आणि जे पाण्यात असायला हवं होतं ते घोडीवर कोरडं थडथडत होतं, आणि गॅलऱ्यांत उभी असलेली सगळी गल्ली बघत होती.

होडी धरणाच्या भिंतीकडे वाहू लागली. सोनबा उठला, वल्ही घेतली, एका खांद्यानं मारू लागला. या काठाला दुसरी होडी नव्हती. सर्जेरावांनी फोन करून माणसं बोलावली, ती यायला तासभर लागला, आणि येऊन तीही नुसती हाका मारत राहिली. होडी चार हात पुढे यायची आणि तीन हात बाजूला जायची. तुळजाबाई सुरुवातीला बसलेली दिसत होती. मग ती दिसेनाशी झाली, कारण ती तळात आडवी झाली होती. गद्रे गुडघाभर पाण्यात जाऊन उभे राहिले, त्याचा कुणालाच काही उपयोग नव्हता. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं देवाचं नाव घेतलं.

पावणेअकराला होडी लागली. सोनबाच्या तळव्यांची कातडी सोलली होती. तुळजाबाईच्या घशातून घरघर येत होती आणि ओठ निळे पडले होते. सर्जेरावांच्या ओळखीच्या गाडीतून तिला नेलं. वाटेत सोनबा एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, की माझीच चूक, मीच भंगार उचललं, काकांनी तर जिवाचं रान केलं. गद्रे गप्प बसले असते तर ही चूक कायमची सोनबाच्या नावावर राहिली असती. सर्जेराव काठावरच राहिले होते, आणि इंजिन तर आता कुणी उघडूनही बघणार नव्हतं.

इस्पितळात तिला आत घेतलं. तासाभरानं परिचारिकेनं येऊन सांगितलं की छातीत पाणी भरलंय, मशीन लावलंय, श्वासाची नळीही घातली आहे, उद्या सकाळपर्यंत काही सांगता येणार नाही. सोनबा बाकावर बसला, हात उताणे मांडीवर ठेवून.

गद्रे त्याच्यासमोर उभे राहिले. बसायचा धीर त्यांना झाला नाही.

"सोनबा, इंजिन भंगार नव्हतं. ते मी जाळलं. शनिवारी कोरडं चालवून. तुम्ही त्या हवालदारांना आणायचं म्हणालात, तेव्हा मी ऐकलं असतं तर हे झालं नसतं."

सोनबाच्या चेहऱ्यावर राग आला असता तर गद्र्यांना बरं वाटलं असतं. तो आला नाही, म्हणून ते बोलतच गेले. तुळजाबाई बाहेर आल्या की आता वस्तीवर न्यायचं नाही, आमच्याकडे राहायचं, पूल होईपर्यंत आणि त्यानंतरही. वर दोन खोल्या आहेत, चालत दहा मिनिटं. सरोजिनी सगळं बघेल.

"दोन खोल्या," सोनबा म्हणाला. "रिकाम्या हायेत?"

"हो."

"कधीपास्नं?"

गद्र्यांना खोटं बोलता आलं असतं. आदल्या दिवशी भाडेकरू गेला, असं सांगता आलं असतं.

"सहा वर्षं," ते म्हणाले.

सोनबानं मान डोलावली, जणू कुणी बसची वेळ सांगितली होती. मग तो उठला, मशीनच्या खोलीच्या बंद दाराशी गेला आणि गद्र्यांकडे पाठ करून उभा राहिला.