काढ्यातला दोरा

तुळसाने लुगड्याचा काष्टा आवळला. पोटातून कळ गेली, ती तिने ओठ मिटून गिळली आणि भिंतीला टेकवलेला मासे कापायचा कोयता उचलला.

तिची लेक नलू दारात आडवी उभी राहिली.

"आये, टाके ओले हायत अजून. डॉक्टरीणबाई काय बोलल्या? वजन उचलायचं नाय, पोटाला पाणी लावायचं नाय."

"त्या असंही बोलल्या, दोऱ्याला औषध लावलंय. पू धरत नाय."

"म्हणून बाजारात जायचं?"

"सर बाजूला."

नलू सरकली. तुळसापुढे कोण टिकलंय म्हणा! डॉक्टरीणबाई तरी कुठे टिकली? जन्मभर माशांच्या पाट्या उचलून तुळसाच्या बेंबीपाशी हर्निया झाला होता. त्यात आतडं अडकलं आणि घाईघाईने पोट उघडावं लागलं. नंतर डॉक्टरीणबाईने तिला नीट समजावलं, की आतल्या टाक्यांच्या दोऱ्याला जंतुनाशक लावलेलं असतं, त्याने जखम चिघळायची भीती कमी होते. तुळसाने लगेच विचारलं, "म्हंजे आमच्या जाळ्यासारखं?" तिचा बाप सुती जाळं ऐनाच्या सालीच्या काढ्यात उकळायचा, मग खाऱ्या पाण्यात सूत कुजत नसे. डॉक्टरीणबाई हसून हो म्हणाली. ते 'हो' तुळसाने गाठीला बांधलं. पुढचं 'पण' ऐकायला ती थांबते कशाला!

तिला धास्ती होती ती जखमेची नव्हे, जागेची. लालबागच्या बाजारातली तिची जागा आईकडून आलेली. बाजाराचा रिवाज असा, की जिची पाटी लागत नाही तिची जागा शेजारीण सरकत सरकत खाते. आणि शेजारीण कोण, तर अंबिका. संपात अंबिकाच्या नवऱ्याची गिरणी बंद पडली, घरातली चूल विझायला आली, तेव्हा ही कोकणातली बाई कोळणींच्या ओळीत येऊन बसली ती बसलीच. तेव्हापासून दोघींच्या मधल्या एका फरशीवरून भांडण. पोरं मोठी झाली, गिरण्यांच्या जागी टॉवर उठले, भांडण काही हललं नाही.

तुळसा बाजारात पोचली तर अंबिका नेमकी त्या फरशीवर फतकल मारून बसलेली. एक गुडघा इकडे, एक तिकडे. तुळसाच्या डोक्यात तिडीक गेली.

"ऊठ," ती म्हणाली. "मी मेले नाय अजून."

"दिसता माका." अंबिकाने बोंबलाचं डोकं उडवलं. मान वर केली नाही.

"माझ्या जागेवरून सरक."

"सरकतंय. मगे तो टेम्पोवालो हयसर बर्फाची पेटी ठेवतलो. सकाळपासून दोनदा हाकललंय त्याका."

तुळसाने पुन्हा पाहिलं. अंबिकापुढे दोन पाट्या होत्या. डावीकडची तुळसाचीच, काठाला लाल चिंधी बांधलेली. तिच्यात बोंबील होते. अंबिका स्वतः बोंबील कधी विकत नसे, ते गिऱ्हाईक तुळसाचं. आता राग ठेवायला जागा उरेना, आणि राग सोडवेना. तुळसा आपली पाटी ओढायला वाकली.

अंबिकाचे हात माशांच्या पाण्याने भरलेले. तिने ते मागे घेतले आणि कोपराने तुळसाला अडवलं.

"पाण्यात हात घालू नको. पोटार उडात."

"काय होत नाय. दोऱ्याला औषध हाय, काढ्यातल्या जाळ्यासारखं. कुजत नाय तो."

अंबिकाने कोयत्यावरून पाय काढला.

"तुझो बापूस जाळा काढ्यात उकळी. येता-जाता तूच सांगतस ना गो?"

"मग?"

"मगे ता रोज वाळत कित्याक घाली?"

तुळसाने पाटीकडे नेलेला हात मागे घेतला. लहानपणी तिने एकदा ओलं जाळं तसंच गुंडाळून ठेवलं होतं, तेव्हा बापाने तिला बडवून काढलं होतं. ही गोष्टसुद्धा तिनेच अंबिकाला सांगितली असणार. भांडता भांडता बाई सगळं ऐकत होती म्हणायची.

अंबिकाने पायाने एक स्टूल मागे ढकललं, जिथे फरशी कोरडी होती तिथे. तुळसा बसली. कोरडे हात मांडीवर ठेवले. नुसतं बसायची तिला सवय नव्हती, तिला लाज वाटत होती आणि बरंही वाटत होतं.

तेवढ्यात टेम्पोवाला पेटी घेऊन आलाच. म्हातारी आजारी आहे हे त्याला कुठूनसं कळलेलं.

"मावशी, तुम्ही काय आता धंद्याला बसणार नाय ना? जागा कुणाची मग ही?"

"दोघींची हाय," तुळसा म्हणाली. "पेटी उचल आणि फूट."

शेजारच्या ओळीतल्या बायका वळून बघायला लागल्या. टेम्पोवाला पुटपुटत गेला. अंबिकाने पुढचा बोंबील घेतला. गुडघा तिने फरशीवरून काढला नाही. तुळसाने तो पाहिला, आणि गिऱ्हाइकाला हाक मारली.