शुद्ध केलेली यादी

सभागृह खच्चून भरलं होतं. पडद्यावर साठ गावांचे साठ ठिपके उमटले आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळ्यांना जोडणारी सगळ्यात जवळची वाट तिथे हजर!

"या गणिताला मोठमोठे संगणक दोन दोन दिवस घेतात," प्राध्यापक म्हणाले. "आमचं यंत्र हिशेब करतच नाही. त्याला वाट दिसते!"

लोक खुळावले. पहिल्या रांगेत मात्र सरांची संशोधक विद्यार्थिनी हाताची घडी घालून बसली होती. हे यंत्र का चालतं, याची सिद्धता ती पाच वर्षं शोधत होती. दर वेळी गाडं अडलं की सर म्हणायचे, "पोरी, विश्वास ठेव." तिने ठेवला. आपलंच डोकं कमी पडतंय, असं ती धरून चालली होती.

रक्तपेढीच्या गाड्यांचं काम पाहणारे काका उभे राहिले. "सर, आमच्या गाड्या रोज चाळीस दवाखाने फिरतात. ही यादी. आत्ताच वाट काढून द्या की!"

"कच्ची यादी यंत्राला सोसत नाही," सर गोड हसले. "आधी मी ती शुद्ध करतो. दोन दिवस लागतात."

दोन दिवस! मोठ्या संगणकाला लागतात नेमके तेवढेच! हे शुद्धीचं काम सर नेहमी दार लावून एकटेच करत. ती तडक मंचावर चढली.

"सर, तुमचीच साठ गावं घेते. फक्त यादीतला क्रम उलटसुलट करते. गावं तीच, अंतरं तीच. म्हणजे वाटही तीच यायला हवी."

"अगं, थांब, हात नको लावूस..."

तिने बटण दाबलं. पडद्यावर रेघांचा नुसता गुंता झाला.

"यंत्राने वाट शोधलीच नव्हती," ती म्हणाली. "नेहमीच्याच मोठ्या संगणकावर दोन दिवस खपून उत्तर आधीच काढायचं आणि त्याच क्रमाने गावं लिहायची. यंत्र यादी वरून खाली वाचतं आणि रेघ ओढतं. हीच ती शुद्धी!"

सर तिच्या कानाशी पुटपुटले, "तुझे तीन शोधनिबंध यावरच उभे आहेत. तुझंही वाटोळं होईल."

"तुम्हाला सगळं माहीत होतं? आई दवाखान्यात असताना मी प्रयोगशाळेत बसून होते, सर. जे नव्हतंच त्याची सिद्धता शोधत. आणि तुम्ही रोज चहा पीत ते बघत होता?"

सर घड्याळाकडे बघू लागले.

ती लोकांकडे वळली. "माझे तिन्ही निबंध मी मागे घेते. मीही फसले, कारण शिक्षकांना 'कसं?' विचारणं मला उद्धटपणा वाटला. तुम्ही विचारा. यंत्राला विचारा, ते बनवणाऱ्याला विचारा, आणि उद्या मी काही दाखवलं तर मलाही सोडू नका."

काकांनी यादी खिशात घातली. "मग आत्ताच विचारतो, ताई. आमची वाट खरोखर कशी काढायची?"

"वेळ लागेल," ती म्हणाली, "पण तुमच्या डोळ्यांदेखत काढू."