तापल्या विटेवरचा पाय

मुलांनो, जरा डोळ्यांसमोर आणा. बल्गेरियातला स्त्रांजाचा डोंगर. जून महिना. संताचा सण उद्यावर आलाय, निखाऱ्यांवर अनवाणी नाच व्हायचाय, आणि गावचा चौक आजच माणसांनी फुललाय. मधोमध खुर्चीवर स्तामात आजोबा बसलेत. त्यांना एकच पाय. त्या पायाच्या तळव्याखाली तापलेली वीट. आणि आजोबा चक्क हसताहेत!

"दुखतंय का, स्तामात आजोबा?" प्रोदान वैदूने खड्या आवाजात विचारलं.

"छे! काहीच नाही!"

"ऐका लोकहो! संताने ज्याला आपला म्हटलं, त्याला आग शिवत नाही! इस्पितळात करवत, माझ्याकडे आशीर्वाद! मधाचा लेप लावा, गोडधोड खा, निर्धास्त राहा!"

लोकांनी छातीवर क्रूसाची खूण केली. मागे सात-आठ जण आपल्याही पायाखाली वीट ठेवून घ्यायला बूट काढून रांगेत बसलेच होते.

परिचारिका तोदोरका गर्दीत घुसली. जिल्ह्याच्या इस्पितळात कापलेल्या पायांची मलमपट्टी करण्यात तिची बावीस वर्षं गेली होती. या वसंतात असे नऊ जण आले, आणि जवळजवळ प्रत्येकाचं वाक्य तेच: 'दुखत नव्हतं, म्हणून आलो नाही.'

"वीट काढा! कातडी भाजतेय, वास येत नाही का तुम्हाला?"

"आली करवतवाली!" कोणीतरी म्हणालं आणि चौक हसला. "आजोबा तुमच्याकडे दोन पायांनी आले आणि एका पायाने परतले."

"पाय काळा पडल्यावर आणलंत त्यांना! तोवर तीन आठवडे लेप कुणाचा चालला होता? उशीर झाला म्हणून कापल्यावरची जखमही चिघळली, पुन्हा वर कापावं लागलं. किती वेळा सांगायचं?"

ऐकत कोणीच नव्हतं. आजोबांनीच तिची समजूत काढली. "चिडू नकोस, पोरी. नसलेला पाय रोज ठणकतो बघ, आणि हा असलेला चकार शब्द काढत नाही. संताची कृपा नाही तर काय?"

तोदोरकाला रडावं की ओरडावं कळेना.

आजोबांची नात मारिका, वय वर्षं नऊ, मघापासून वैदूच्या हातांकडे बघत होती.

"प्रोदानकाका, तुम्ही वीट चिमट्याने का उचलली?"

"हात पापी असतात, बाळ. पाय पवित्र."

"मग तुमचा पवित्र पाय ठेवा ना."

"तो उद्याच्या नाचासाठी राखलाय!"

"नाचात तर सगळे भराभर पाय उचलतात. इथे नुसता ठेवायचाय."

प्रोदानने आपला बूट हळूच मागे घेतला. आता लोक हसले ते त्याला.

मारिकाने चिमट्याने वीट बाजूला केली आणि ती खाली बसली. "आजोबा, डोळे मिटा. कोणत्या बोटाला हात लावते ते सांगा."

आजोबा थांबले. "अगं, लाव तरी!"

लोक पुढे वाकून बघू लागले. तिने तर केव्हाच पायाच्या अंगठ्यावर बोट ठेवलं होतं. मग तिने त्यांच्या तळहाताला हात लावला. "हा हात!" आजोबा लगेच म्हणाले.

तोदोरकाने त्यांचा पाय उचलला. टाचेवर ताजा फोड, आणि बाजूला जुनं, काळं भोक. "बुटातला खिळा. किती दिवस झाले, आजोबा?"

"मला… ठाऊकच नाही."

"कसं असेल? रक्तात साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पायाच्या नसा मरतात. पाय बहिरा होतो. रक्तही नीट पोचत नाही. जखम कळत नाही, आतल्या आत हाडापर्यंत सडते, आणि मग करवत लागते. कापलेल्या पायाच्या नसा मात्र मेंदूला खोटे निरोप धाडत राहतात, म्हणून तो ठणकतो. यात संत कुठेच नाही! दुखणं हा पायाचा पहारेकरी. तो गेला तर आनंद कसला करता? रोज तळवे बघा, बूट झटकून घाला, साखर तपासा. जखम दिसली की त्याच दिवशी या."

"आज आलो तर वाचेल हा?" आजोबांचा आवाज बारीक झाला होता.

हो म्हणायला तोदोरकाची जीभ शिवशिवत होती. "मागच्या आठवड्यात हो म्हटलं असतं. आज एवढंच सांगते, प्रयत्न करू."

आजोबांनी नजर विटेवरून उचलली. "गाडी काढ, पोरी," ते म्हणाले.

गर्दीतल्या दोघांनी त्यांना खुर्चीसकट उचललं. प्रोदान संताच्या परीक्षेबद्दल काहीबाही बोलत फडकी गुंडाळत होता. रांगेतला पहिला, दिमो सुतार, गडबडीने बूट चढवू लागला. मारिका त्याच्यासमोर जाऊन गुडघ्यांवर बसली.

"थांबा काका," ती म्हणाली. "डोळे मिटा."