न पिलेली दारू

आमचं मालक जन्मात दारू प्यालं न्हाईत. हे आधीच सांगून ठेवते, कारण आमच्या कोऱ्हाळ्यात लिवर गेलं म्हणलं की लोकं पुढचं ऐकतच न्हाईत. साखरेचा आजार जुना, त्यात लिवर सुकत गेलं. बारामतीच्या डॉक्टरनं दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, की हे दोन आजार एका अंगात असलं की साधी जखमसुद्धा जिवावर बेतते. "ताप येईलच असं नाही," तो म्हणला. "बोलणं भरकटलं, हात थरथरायला लागले, तर वाट बघू नका. तसेच घेऊन या." मी विजयमाला, सातवी शिकलेली बाई, पण एवढं मला नीट कळलं होतं.

शेतात पायताण घालायचं न्हाय, ही ह्यांच्या घरची रीत. काळ्या आईच्या अंगावर चप्पल ठेवायची न्हाय. डॉक्टरनं बजावलं, मी बजावलं. पण हे घरातनं चप्पल घालून जायचं आणि बांधावर काढून ठेवायचं. सुंभ जळंल पण पीळ जायचा न्हाय.

त्या दिवशी उसाला पाणी द्यायला गेलं आणि तोडलेल्या उसाचं बुडखं तळपायात घुसलं. साखरेनं पाय बधिर झालेला, त्यांना पत्ता न्हाय. घरात आलं तर फरशीवर लाल पावलं. मी ओरडले, तर कुणाला लागलं म्हणून तेच मागं वळून बघायला लागलं.

जखम धुतली आणि म्हणलं, दवाखान्यात चला.

"परवा उत्कर्षाचा साखरपुडा हाय. तो होऊ दे, मग जाऊ."

उत्कर्षा म्हणजे मोठ्या दिरांची, दत्तोबा आबांची पोरगी. मी हात जोडलं, भांडले. ह्यांनी ऐकलं न्हाय. चुलता लंगडत आला असं दिसू नये म्हणून मोजे घालून वर बूट चढवला.

साखरपुडा इंदापूरला, नवरदेवाकडं. ह्यांना टिळा लावायला बोलावलं, तर हात एवढा थरथरला की कुंकू पोराच्या नाकावर गेलं. मग त्याच्याकडं बघून म्हणलं, "आप्पा, बैलं सोडली का?" आप्पा म्हणजे माझं सासरं, ते जाऊन किती वर्षं झाली. पाहुणं एकमेकांकडं बघायला लागलं. कुणीतरी हसलं.

आबांनी ह्यांचा दंड धरला. "हिंदुराव, निदान आज तरी प्यायची न्हाय."

"आबा, प्यालं न्हाईत," मी म्हणलं. "आजार डोक्यात चढलाय. गाडी काढा, बारामतीला न्यायचं."

"पाहुण्यांपुढं तमाशा नको. आत झोपवू. उतरंल."

"तोंडाचा वास तरी घेऊन बघा."

आबांनी घेतला न्हाय. ह्यांना आतल्या खोलीत आडवं केलं. मी दुसऱ्या गाडीसाठी जाऊबाईंना विचारलं, त्यांच्या भावाला विचारलं. "जेवणं होऊ द्या की," दोघंही तेच म्हणलं. खोलीत परत आले तर कुणीतरी उतारा म्हणून साखर घातलेलं लिंबूपाणी पाजत होतं. साखरेच्या माणसाला. माझ्या अंगातला राग तितंच थिजला. रडूही येईना.

मी खाली बसले आणि ह्यांचा बूट ओढून काढला. मोजा चिकटला होता, तोही काढला. पाय घोट्यापर्यंत काळानिळा झालेला. वास असा की लिंबूपाणीवाली बाई पदर तोंडाला लावून बाहेर गेली.

बूट आणि तो मोजा हातात घेऊन मी मांडवात गेले. आबा व्याह्यांच्या शेजारी पंगतीला बसलेलं. त्यांच्या ताटाशेजारी दोन्ही ठेवलं.

"दारूचा वास असा येतो व्हय, आबा?"

पंगतीचं हात थांबलं. मग मात्र गाडी लगेच मिळाली.

दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, "कधीपासून बरळतायत?"

"आत्ताच," आबा म्हणलं.

"टिळ्यापासनं," मी म्हणलं. जखमेचं विष रक्तात गेलं होतं. दोन दिवसांनी मालक गेलं.

दहाव्याला नीरेच्या काठी पिंड मांडला. माणसाला आवडायचं ते ठेवायचं असतं. साखर लागल्यापासनं मी ह्यांना काकवीचं बोट चाटू दिलं नव्हतं, ती वाटीभर ठेवली. तेवढ्यात आबांनी खिशातनं दारूची छोटी बाटली काढली आणि वाटीशेजारी ठेवली. डोळं भरलेलं होतं, खरंच भरलेलं. "असू दे. त्याचा जीव अडकायला नको," म्हणलं.

पाय त्यांनी बघितला होता. डॉक्टरचं सगळं ऐकलं होतं. तरी.

मी बाटली उचलून त्यांच्या हातात परत दिली. "ही ह्यांची न्हाय, आबा."

आबांनी ती गुमान खिशात घातली. वाटलं होतं, मला राग येईल. आला न्हाय. काहीच आलं न्हाय.

कावळ्यानं बराच वेळ लावला. शेवटी आला आणि काकवीला शिवला. मागनं कुणीतरी हळूच म्हणलं, "बाटली राहू दिली असती तर कधीच शिवला असता."

मी मागं वळून बघितलं न्हाय.