सगळी निवडा

मी एक जुना देखरेखीचा संगणक आहे. एका मोठ्या इस्पितळाच्या तळघरात, झाडू-बादल्यांच्या शेजारी सध्या माझा मुक्काम आहे.

मित्रांनो, मी येण्याआधी इथे ‘तीन तिघाडा, काम बिघाडा’ असा कारभार होता. तीन कंपन्यांची मोठी यंत्रं आणि प्रत्येकीचा पडदा वेगळा. प्रत्येक यंत्राच्या पोटात बरेच आभासी संगणक राहत. त्यांना हात लावता येत नाही, पण औषधं, तपासण्या, शस्त्रक्रियांच्या वेळा, सगळं तेच सांभाळतात. मला तिन्ही कंपन्यांची भाषा शिकवली आणि सारा कारभार माझ्या एकट्याच्या पडद्यावर आला. लोक मुद्दाम मला बघायला यायचे. मी फुशारून गेलो होतो.

माझ्यासमोर ही यंत्रं सांभाळणाऱ्या ताई बसायच्या. डागडुजीचा त्यांचा नियम ठरलेला होता. आधी एका यंत्रातली बिऱ्हाडं, म्हणजे ते आभासी संगणक, शेजारच्यात हलवायची, रिकामं यंत्र बंद करून पुन्हा चालू करायचं, मगच पुढचं. खोलीतल्या दोघा सहकाऱ्यांना त्या म्हणायच्या, “रंग देताना सगळ्या खोल्या एकदम रिकाम्या केल्यात, तर झोपाल कुठे?”

एकदा डागडुजीच्याच दिवशी ताईंचे वडील वर, इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर दाखल होते. दुपारी त्यांची शस्त्रक्रिया होती. “आत नेण्याआधी येतेच मी, बाबा,” असं त्यांनी फोनवर सांगितलं. डागडुजी मात्र नियमाने संध्याकाळपर्यंत चालली असती. ताईंनी घड्याळाकडे पाहिलं, माझ्या पडद्यावरच्या ‘सगळी निवडा’वर खूण केली आणि यंत्रं बंद करून चालू करायचा हुकूम दिला. मी विचारलं, “नक्की?” मला तेवढंच विचारता येतं. त्यांनी न वाचताच होकार दिला.

तिन्ही कंपन्यांची यंत्रं एकदम बंद पडली. बिऱ्हाडांना जायला जागाच उरली नाही. वरच्या मजल्यांवरचे पडदे काळे झाले. सगळं सुरळीत करता करता संध्याकाळ झाली आणि बाबांची शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवसावर गेली.

ते सकाळपासून उपाशी होते. फोनवर म्हणाले, “असेल गं कुणाची तरी चूक. तू जेवलीस का?”

बाबा बरे होऊन घरी गेले. ताई मात्र माझ्यासमोरच्या खुर्चीत पुन्हा बसल्या नाहीत. पुढे नवा संगणक आला आणि माझी रवानगी इथे झाली. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही.

मित्रांनो, एका जागेवरून सगळं दिसू लागलं, की सगळं एकदम उरकावंसं वाटतं. तेव्हा जरा थांबा. आणि ज्याचं माणूस वर खाटेवर आहे, त्याच्या हातातलं काम त्या दिवशी आपण घ्या. खोलीत ते दोघे होते, मीही होतो. “ताई, तुम्ही जा वर,” असं आमच्यापैकी कुणीच म्हटलं नाही.